अकरा दिवसांचं घर

आमच्या घरात देव नव्हते, त्यामुळे भुतंही नव्हती. भिंतीवर बुद्धांचा फोटो, खाली पुस्तकांचं कपाट, एवढंच. शेजारच्या कोणी लिंबू-मिरची, उतारा, झपाटणं असलं काही काढलं की बाबा म्हणायचे, "आधी ताप बघा किती आहे."

पुढे मी नागपूरच्या एका दैनिकात नऊ वर्षं काम केलं. आधी रिपोर्टर, मग उपसंपादक. अमुक पुलावर बाई दिसते, तमुक वाड्यात पैंजण वाजतात असल्या बातम्या तालुक्याहून यायच्या. मी त्या परत पाठवायचो, वर एकच प्रश्न लिहून - 'स्वतः कोणी पाहिलं?' उत्तर कधीच आलं नाही.

हे आधी सांगतोय, कारण आता जे लिहिणार आहे ते मी स्वतः पाहिलं आहे. माझं मत बदललं आहे असं नाही. फक्त जे झालं ते ज्या क्रमाने झालं त्या क्रमाने लिहितो. वेळा फोनमधल्या आहेत.

आम्ही अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या अटलांटाजवळ, अल्फारेटाला राहतो. मी, बायको प्रज्ञा आणि मुलगी सांची - ती पंधरा वर्षांची, इथेच जन्मलेली. मी आता एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी मॅन्युअल्स लिहितो. आई गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, बाबांना इकडे आणलं. ते सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स होते - पुरुष नर्सला तिथे 'ब्रदर' म्हणतात - आणि त्यातली बहुतेक वर्षं बर्न वॉर्डात, भाजलेल्या पेशंटच्या.

आणलं तेव्हाच विसरणं सुरू झालं होतं. मागच्या उन्हाळ्यापर्यंत शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली. वाक्य सुरू करायचे आणि मध्येच सोडून द्यायचे. मला कधी 'साहेब' म्हणायचे, कधी 'डॉक्टर'. मुलगा म्हणून शेवटची हाक कधी मारली, याची मी नोंद ठेवलेली नाही. ठेवायला हवी होती. एकदा ते ग्रोसरी स्टोअरमधून बाहेर पडून हायवेच्या कडेपर्यंत गेले होते. तेव्हापासून घरात नियम एकच - बाबांचा हात सोडायचा नाही.

अटलांटाच्या दक्षिणेला, आमच्या घरापासून सव्वा तासावर, एक प्रसिद्ध फिल्म स्टुडिओ आहे. त्याच्याजवळ एक छोटं गाव आहे, त्याला सगळे इंग्लिश व्हिलेज म्हणतात. कापड गिरणीच्या इंग्लंडहून आलेल्या मालकाने आपल्या विणकरांसाठी ते वसवलं होतं. गिरणी कधीच गेली. तीसेक दगडी घरं, उतरती छपरं, मधे तिकोनी हिरवळ, एक चर्च, बदकांचं तळं एवढं उरलंय. लोक अजून राहतात. स्टुडिओवाले अधूनमधून शूटिंग करतात. सांचीला ते बघायचं होतं.

नोव्हेंबरातला शनिवार होता. प्रज्ञाला काम होतं.

"बाबांना नेऊ नकोस, मिलिंद," ती म्हणाली. "तू फोटो काढत बसशील आणि हात सोडशील."

"नाही सोडणार."

"लिहून दे."

"सांची साक्षीदार आहे."

"Don't drag me into this," सांची म्हणाली.

आम्ही दोन वाजता पोचलो. झिमझिम पाऊस नुकताच थांबला होता. इतकं शांत गाव मी अमेरिकेत पाहिलेलं नाही. चिमणीतून धूर, खिडक्यांना पडदे, रस्त्यावर एकही माणूस नाही. बदकांचा आवाज तेवढा. बाबा स्वेटर घालून, पायात पांढरे मोजे आणि त्यावर चपला, माझा हात धरून चालत होते. प्रत्येक घरासमोर थांबायचे आणि दाराकडे बघायचे. आत कोणी आजारी आहे का, असं बघितल्यासारखं.

गावाच्या टोकाला, कुरणाच्या कडेला, आणखी तीन घरं होती. अगदी तशीच, दगडी. तिथे खुर्ची टाकून एक सिक्युरिटी गार्ड बसली होती. साठीची काळी बाई, डोक्यावर टोपी, गुडघ्यावर विणकाम. नाव पर्ल. त्या भागात वडीलधाऱ्या बायकांना 'मिस' लावतात म्हणून मिस पर्ल. तिचं बोलणं इंग्रजीतलं, इथे मराठीत देतो.

"ही खरी नाहीत बरं का," ती म्हणाली. "सिनेमाची आहेत. समोरून बघा, फोटो काढा. मागे जाऊ नका, चिखल आहे."

बाबांनी तिला हात जोडले. "जयभीम."

"तुम्हालाही, सर," मिस पर्ल म्हणाली.

मी तिला विचारलं, कधी बांधली? जुनी सवय. ती म्हणाली, आज अकरावा दिवस. पहिली फळी आली तेव्हापासून तिची इथे ड्युटी होती. शूटिंग झालेलं होतं, सोमवारी सगळं पाडणार होते. मी हट्टाने, बाबांचा हात सांचीकडे देऊन, मागे जाऊन बघून आलो. लोखंडी पाइप, प्लायवूड, वाळूच्या गोण्या. घर असं काही नाहीच. दगड म्हणजे रंगवलेला फोम. पायाखाली जॉर्जियाची लाल माती, पावसाने लोण्यासारखी झालेली. माझे बूट घोट्यापर्यंत भरले. या तपशिलाचं महत्त्व पुढे कळेल.

परत आलो, बाबांचा हात घेतला. सांचीला तळ्याकडे पाठ करून फोटो हवा होता. एका हाताने नीट येईना. मी हात सोडला.

पहिला फोटो २:४१ चा आहे, शेवटचा २:४३ चा. मी वळलो तेव्हा बाबा नव्हते.

मधल्या घराचं दार निळं होतं. त्याच्या पायरीवर बाबांच्या चपला होत्या. शेजारी शेजारी, टाचा दाराकडे, निघताना पाय सरळ घालता येईल अशा. कोणाच्याही घरी जाताना ते अशाच काढायचे.

सांची हसली. "ओ माय गॉड. Ajoba took off his chappals for a fake house."

मीही हसलो असेन. दार ढकललं. समोर पाइप, गोण्या आणि लाल चिखल. बाबा नाहीत. चिखलात ठसे होते ते माझ्या बुटांचे, मघाचे. उंबऱ्यापाशी एकही नवीन ठसा नव्हता. मोज्यांचा नाही, कसलाच नाही.

मी हाका मारायला सुरुवात केली. सांचीचं हसू गेलं आणि ती तळ्याकडे पळाली. मला जे सुचलं होतं तेच तिला सुचलं. मिस पर्लने वॉकीटॉकीवर कोणाला तरी सांगितलं, मग २:५० ला ९११ ला फोन केला. ती खुर्चीवरून उठलीच नव्हती, म्हणाली, आणि तिच्यासमोरून कोणी गेलं नव्हतं. मी हिरवळ पाहिली, चर्च पाहिलं, बंद होतं. कुरणाचं कुंपण पाहिलं. पाच घरांची दारं वाजवली. दोन ठिकाणी माणसं होती, त्यांनी कोणाला पाहिलं नव्हतं. ३:१० ला शेरिफच्या ऑफिसची गाडी आली. ऑफिसर तरुण होता, शांत होता. त्याने विचारलं, "काय घातलं होतं?" मी सांगितलं. "पायात?" मी पायरीकडे बोट दाखवलं. तळ्याकडे बघून त्याने वॉकीटॉकीवर जे सांगितलं ते मला ऐकू आलं. पाणबुडे हवेत का, हे तो विचारत होता.

सांची माझ्या बाहीला धरून उभी होती. "बाबा, आईला फोन कर."

"करतो."

"Now, please."

मी फोन हातात घेतला. प्रज्ञाचं नाव समोर होतं. मला ते दाबता येईना.

३:२४ ला निळं दार आतून उघडलं आणि बाबा बाहेर आले.

आम्ही चौघांनी पाहिलं. त्यांनी दार ओढून घेतलं, आवाज होऊ न देता, मूठ शेवटपर्यंत धरून. वॉर्डात पेशंट झोपल्यावर ओढतात तसं. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, दोन्ही सारख्या. हात ओले. मोजे पांढरे स्वच्छ, कोरडे. मी वाकून हात लावून पाहिला. कोरडेच होते, आणि पाय कोमट.

"बाबा, कुठे होतात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दोन वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं - सरळ, थोडं घाईत.

"इव्हिनिंगला तूच आहेस ना?" ते म्हणाले. "लिहून घे."

ड्युटी बदलताना जाणारा नर्स येणाऱ्याला एकेका पेशंटची माहिती देतो. त्याला ते 'ओव्हर देणं' म्हणायचे. लहानपणी डबा द्यायला गेलो की मी ते ऐकलेलं आहे. मी फोनमध्ये लिहून घेतलं. त्यांच्याच शब्दांत देतो -

"पेशंट बाई. वय अंदाजे चाळीस. उजवा हात, मनगटापासून कोपरापर्यंत, उकळत्या पाण्याने भाजलेला. फोड आहेत, शाबूत आहेत, फोडायचे नाहीत. वीस मिनिटं थंड पाण्यात धरला. अंगठी काढून टेबलावर ठेवली, बोट सुजेल म्हणून. स्वच्छ कापड सैल गुंडाळलं आहे, माझा रुमाल होता. शुद्धीवर. थंडी वाजून राहिली होती, पांघरूण दिलं. पाणी पाजलं. नातेवाईक कोणी नाही. घाबरलेली आहे, पण बाजूला बसलं की शांत राहते. उद्या सकाळी ड्रेसिंग. मी सांगून आलो येतो म्हणून."

एकही वाक्य अर्धवट नाही. खिशात रुमाल नव्हता. सकाळी प्रज्ञाने स्वतः घडी करून घातला होता.

"ती कोणत्या भाषेत बोलली, बाबा?"

"कण्हायला कोणती भाषा लागते?" ते चिडले. "काहून वेळ घालवतो? सही कुठे करू?"

मी फोन पुढे केला. त्यांनी स्क्रीनवर बोटाने सही केली. पूर्ण नाव, खाली रेघ. मग पायरीवर उभे राहून चपलांत पाय घातले, मिस पर्लला परत हात जोडले आणि म्हणाले, "चला, बस निघून जाईल."

ऑफिसरने त्यांची नाडी वगैरे तपासायला लोक बोलावले. सगळं नॉर्मल. त्याने मग स्वतः निळं दार उघडून बघितलं, मागून फेरी मारली, बूट भरवून परत आला. वहीत काय लिहिलं मला माहीत नाही. बराच वेळ पेन धरून उभा होता.

रात्री जेवताना मी प्रज्ञाला सगळं सांगितलं. ती माझ्यावर ओरडली आणि ते बरोबर होतं. नंतर तिने कारणं शोधली. कुठल्यातरी खऱ्या घरात गेले असतील, तिथे खरीच कोणी बाई भाजली असेल.

"आणि परत त्या दारातून कसे आले?"

"मागून."

"कोरड्या मोज्यांनी?"

तिने ताटं उचलली. मग म्हणाली, "ज्या वॉर्डात चौतीस वर्षं काढली, तो त्यांच्या डोक्यातच आहे. बाकी सगळं पुसलं गेलं की तेवढंच उरतं." हे मला पटलं होतं. अजूनही अर्धं पटतं. ठशांचं मात्र त्यात काही होत नाही.

रविवारी सकाळी साडेसहाला मी खाली आलो तर बाबा आंघोळ करून डायनिंग टेबलशी बसलेले. शर्ट इस्त्रीचा. सगळी बटणं लावलेली, वरच्यापासून खालपर्यंत, बरोबर काजांत.

प्रज्ञा जिन्यात थांबली. तिने बटणांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ड्रेसिंग आहे," बाबा म्हणाले.

मला वाटलं ती नाही म्हणेल. ती खाली आली, त्यांच्यासमोर बसली. "काय काय लागेल, बाबा?"

"गॉझ. निर्जंतुक पाहिजे. बँडेज दोन. साबण. कापूस नको, चिकटतो." मग तिच्याकडे बघून, "तू नवीन आहेस का, सिस्टर?"

"हो," प्रज्ञा म्हणाली. "शिकून घेते तुमच्याकडून."

फर्स्ट एडच्या डब्यातला गॉझ, बँडेज तिने कागदी पिशवीत घातलं. तिला यायचं होतं. शेवटी दारात म्हणाली, "मी आले तर मला मागे जाऊन बघावं लागेल. तू जा."

आम्ही तिघं १०:१० ला पोचलो. मिस पर्ल खुर्चीवरच होती. तिने विणकाम बाजूला ठेवलं, पण उठली नाही.

"येतील असं वाटलं होतं," ती म्हणाली.

"आज कोणी आत गेलं?"

"मी सकाळपासून त्या बाजूला फिरकलेले नाही. आणि मिस्टर, मी भित्री नाही."

बाबा निळ्या दारापाशी गेले. चपला काढल्या, फिरवून नीट ठेवल्या. पिशवी घेतली. मी त्यांच्यामागोमाग पायरीवर पाय ठेवला.

ते वळले. "नातेवाइकांनी बाहेर थांबायचं," म्हणाले. मोठ्याने नाही. पण त्या आवाजाचं वॉर्डातल्या शेकडो नातेवाइकांनी ऐकलेलं असणार. माझा पाय खाली आला.

दार उघडलं तेव्हा मी त्यांच्या खांद्यामागे होतो. मला आतलं काही दिसलं नाही. दिसलं असतं, मान वाकडी केली असती तर. दार लागलं.

१०:१४.

दारापासून भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत बारा पावलं होती. मी नजरेने मोजली. कोपऱ्यावरून वळलं की मागची बाजू पूर्ण दिसते, आदल्या दिवशी मी बघितलीच होती. आणि बाबा तिथे चिखलात एकटे उभे असते, हातात कागदी पिशवी घेऊन, पाइपांकडे बघत... तर ते मला दिसलं असतं. किंवा दिसलं नसतं.

"You're not gonna look?" सांची कुजबुजली.

मी पायरीपाशीच उभा राहिलो.

मग आवाज आला. प्लायवूड पातळ असतं. बाबांचा आवाज होता, खालच्या पट्टीत. शब्द कळत नव्हते. ते काहीतरी बोलायचे आणि थांबायचे. समोरचं माणूस बोलत असताना आपण जेवढं थांबतो तेवढंच. मग परत बोलायचे. एकदा ते हसले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. थांबण्याच्या जागी मला काही ऐकू आलं नाही, हे स्पष्ट सांगतो. पण त्या जागा एकसारख्या नव्हत्या. लहान-मोठ्या होत्या. सांचीने माझा हात धरला. मिस पर्ल उठून उभी राहिली होती. तिने टोपी काढली होती.

किती वेळ गेला ते मी त्या वेळी बघितलं नाही. एवढीच एक वेळ मी नोंदवलेली नाही.

बाबा बाहेर आले तेव्हा हातात पिशवी नव्हती. दार त्यांनी आदल्या दिवशीसारखंच ओढून घेतलं.

"जखम चांगली आहे," त्यांनी मला सांगितलं. "डाग राहील थोडा. मी सांगितलं तिला, डाग राहिला तरी हात चालेल."

"परत यायचंय का, बाबा?"

"नाही. आता तिचं ती करेल."

गाडीत ते झोपले. घरी आल्यावर प्रज्ञाने विचारलं, "काय होतं मागे?" मी म्हणालो, मी बघितलं नाही. तिने मला का म्हणून विचारलं नाही. ती बाबांच्या खोलीत गेली आणि त्यांच्या अंगावर ब्लँकेट घातलं.

सोमवारी मी ऑफिसमधून लवकर निघून परत तिथे गेलो. तिन्ही घरं पाडून ट्रकमध्ये भरली होती. माती ट्रकच्या चाकांनी पार उकरलेली होती, तिथे बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. काम करणाऱ्यांना गॉझ, बँडेज, कागदी पिशवी सापडली का विचारलं. नाही म्हणाले. मग मी गावातल्या सगळ्या घरांची दारं वाजवली. सव्वीस उघडली. उजवा हात भाजलेली बाई कुठेही नव्हती, पाहुणी म्हणूनही नाही. त्या जागेवर आधी काय होतं, हेही विचारलं. कुरण. कायम कुरणच. भूत असायला निदान कोणीतरी मेलेलं लागतं, घर तरी जुनं लागतं. हे घर अकरा दिवसांचं होतं, आणि बाबांच्या म्हणण्याप्रमाणे ती बाई जिवंत होती, बरी होत होती.

याला चार महिने झाले. बाबांची बटणं आता परत प्रज्ञा लावते. त्या रविवारबद्दल त्यांना काही आठवत नाही. मला ते 'साहेब' म्हणतात. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात काही तास लख्ख जातात, असं होतं. ते खरं असेल. ठसे, मोजे, पिशवी आणि ते थांबणं याबद्दल त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता.

नागपूरच्या डेस्कवरच्या एका जुन्या मित्राला मी हे फोनवर सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तू मागे जाऊन का नाही पाहिलं?"

मी तिथे रिपोर्टर म्हणून असतो तर मागे गेलो असतो. उत्तर बारा पावलांवर होतं, दिवसाउजेडी, कोणी अडवलेलं नव्हतं. पण आत माझे वडील ड्युटीवर होते, आणि बाहेर थांबायला त्यांनी मला सांगितलं होतं.